डाव्या गालावरचा गूळ

माझे वडील देवाचा कौल लावायचे आणि मी कोर्टाचे निकाल टाइप करायची. न्यायनिवाड्याचं खातं आमच्या घरात पिढीजात आहे, असं मी नात्यागोत्यात थट्टेनं सांगते आणि लोक हसतात. आबा असते तर हसले नसते. चष्म्याच्या वरून बघत म्हणाले असते, "लई बोलून राहिलीस."

आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या अलीकडं, डांबरी सडकेपासून दीड कोस आत. आम्ही गुरव, महादेवाची पूजा आमच्याकडं. पिंडीवर पितळी मुखवटा होता, नाक जरा चेमटलेलं, पण चेहरा मायाळू. कौल कसा लावतात ते सांगून टाकते, कारण आता माझ्या मुलांनाही ते माहीत नाही. मुखवट्याच्या दोन्ही गालांवर पाण्यात बुडवलेलं बेलाचं एकेक पान चिकटवायचं. ज्याचं काम असेल त्यानं देवाला प्रश्न सांगायचा आणि हात जोडून बसायचं. पान वाळत आलं की सुटतं. उजवं आधी पडलं तर देव हो म्हणाला, डावं पडलं तर नाही म्हणाला. हरवलेली शेळी, पोरीची सोयरीक, तापलेल्या लेकराला उदगीरच्या दवाखान्यात न्यावं का, सगळं आबांकडं यायचं. पान लावताना आबा श्वास रोखून धरायचे. आपल्या श्वासाचा वारा लागून देवाचं मत बदलायला नको, एवढी त्या माणसाला काळजी. मला त्याचं लहानपणी फार कौतुक होतं.

दुष्काळाच्या साली मी नववीत होते. शाळा शिरूरला, पायी जायची, आणि सोबतीला वर्गातली एकच मैत्रीण. ती बौद्धवाड्यातली. त्यांची घरं माझ्या जन्माच्या आसपास बौद्ध झालेली. तिची आई खडी फोडायला जायची, उंच, हाडापेरानं मजबूत आणि तोंडानं फटकळ. गावात कुणाला मान खाली घालून बोललेली मी तिला पाहिली नाही. मैत्रिणीला आई कडक वाटायची आणि मला हेवा वाटायचा, कारण माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली होती.

त्या उन्हाळ्यात एकेक विहीर तळ दाखवायला लागली. बौद्धवाड्याचा आड तर होळीच्या आधीच आटला. पाणी राहिलं ते एका विहिरीत, देवळाच्या मागं, बौद्धवाड्याच्या वाटेवर असलेल्या. ती देवाची विहीर असं गावातली वजनदार माणसं म्हणायची. देवस्थानचे तीन पंच होते, शब्द त्यांचा चालायचा. बौद्धवाड्यातल्या माणसांना त्या विहिरीवर चढू द्यायचं का, असा प्रश्न निघाला. काय प्रश्न तरी बघा, माणसं तहानलेली आणि पाणी हाताशी. मग कुणीतरी म्हणालं, देवालाच विचारू. सोमवारी सकाळी कौल लावायचं ठरलं.

आदल्या दिवशी संध्याकाळी तिन्ही पंच देवळात आले आणि आबांना खांबाआड घेऊन बराच वेळ बोलले. मी ओसरीवर वाती वळत होते. शब्द कळले नाहीत. आबा नुसती मान हलवत होते एवढं दिसलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सोमवारी सगळा गाव देवळात. वाड्यातली माणसं पायऱ्यांच्या खाली, उन्हात. आबांनी पानं लावली. उजवं पान जरा वेळानं सुटलं आणि तरंगत खाली आलं. डावं तसंच चिकटून राहिलं, दुपार झाली तरी. पंचांनी हात जोडले, "देवाची मर्जी" म्हणाले आणि धोतरं झटकून उठले. खाली बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. एकीनं तर पायरीवर डोकं टेकवलं.

मैत्रिणीची आई तेवढी हलली नाही. रिकामी घागर कमरेवर घेऊन ती आबांना म्हणाली, "बुवा, देव आज व्हय म्हणाला तर उद्या न्हाई बी म्हणंल. हीर सरकारी हाय. निजामाच्या राज्यात खणली तवा माझ्या सासऱ्यानं घमेली वाहिली हायती तिच्यात. सरकारचा माणूस येऊन सांगंल तवा भरीन. कौलाचं पाणी मला नगं."

आणि ती गेली. बाकी सगळ्यांनी भरलं, तिनं नाही. रोज पहाटे अर्धा कोस चालून घरणी नदीच्या वाळूत झिरा उकरायची आणि वाटीवाटीनं घागर भरायची, पाऊस पडेपर्यंत. एकदा मी माझ्या घागरीतलं अर्धं पाणी मैत्रिणीच्या घागरीत ओतायला गेले, तर ती मागं सरकली. म्हणाली, "नगं गं. आई वास घेऊन ओळखंल." आबा या सगळ्यानं फार दुखावले. "काय बाई हाय," असं दिवसातून दोनदा तरी म्हणायचे. चिडून म्हणायचे की कौतुकानं, ते मला तेव्हा कळायचं नाही.

आता माझं सांगते. कौलाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे देऊळ झाडायला मी गेले, तर मुखवट्याच्या डाव्या गालावर मुंग्यांची रांग. गालाला बोट लावलं तर चिकट. चाखलं तर गूळ. आबांनी डाव्या पानाला गुळाचं बोट लावलं होतं. ते पान पडणारच नव्हतं.

मी मुंग्या झटकल्या, ओल्या फडक्यानं देवाचा गाल पुसला आणि घरी आले. कुणाला बोलले नाही. पण त्या दिवशी मनातल्या मनात आबांचा निकाल लावून टाकला. आदल्या संध्याकाळी पंच आले, आबांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी कौल पडला. म्हणजे पंचांना गावात दयाळू दिसायचं होतं आणि आबांनी त्यांच्या सांगण्यावरून देवाला खोटं बोलायला लावलं. माझा बाप त्यांच्या हातचं बाहुलं. एवढं सरळ होतं ते. पंधरा वर्षांच्या पोरीला सगळंच सरळ दिसतं, साक्षीपुरावा लागत नाही, उलटतपास लागत नाही. मग मी लहानपणी आजारी पडले तेव्हा लावलेला कौल? आई आजारी असतानाचा? सगळेच गुळाचे असणार, असं मी धरून चालले. त्यानंतर देवळात मी झाडायला जायची, पण हात जोडले नाहीत. आबांनी पाहिलं असेल. विचारलं नाही कधी.

मॅट्रिक झाल्यावर मी हट्टानं नांदेडला मावशीकडं गेले. टायपिंग शिकले, आधी इंग्रजी, मग मराठी. कंधारकडची एक मुलगी माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची, ती दर शनिवारी घरी पळायची आणि मला विचारायची, तू कामून जात नाहीस? मी म्हणायची, एसटीत उलटी होते. आबांची महिन्याला दोन पोस्टकार्डं यायची, शेवटी ठरलेली ओळ, "तुझ्या नावानं बेल वाहिला." मी ती कार्डं वाचून पेटीत टाकायची. उत्तर चारास एक. आज ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

मग लातूर जिल्हा झाला. लातूर शहरभर नवे रंग, नवे बोर्ड, काही ठिकाणी नव्या रंगाखालून जुनं नाव डोकावत होतं. कचेऱ्या मिळेल त्या जागेत भरलेल्या, कपाटं व्हरांड्यात. माणसं हवीच होती, मला दिवाणी कोर्टात टायपिस्टची जागा मिळाली. आमचे हेडक्लार्क मुरुडचे, दर वाक्याला मुरुडच्या बाजाराचा दाखला द्यायचे, पण काम त्यांनी मला शिकवलं. साक्षीदार त्याच्या बोलीत बोलतो, जज्जसाहेब त्याची कोर्टाची मराठी करून सांगतात, आपण ती टाइप करायची. आपलं डोकं घालायचं नाही. मला ते फार आवडलं. इथं पानं नाहीत, गूळ नाही. दोन्ही बाजू ऐकायच्या, कारणं लिहायची आणि मग निकाल. वाटलं, आपण योग्य देवळात आलो.

दोनएक वर्षांत एक फाईल टेबलावर आली आणि मी गावाचं नाव वाचून थबकले. पंचांनी देवळामागच्या विहिरीला लोखंडी जाळी बसवून कुलूप घातलं होतं, देवाची खाजगी मालमत्ता म्हणून. वाड्यातल्या माणसांनी दावा लावला होता. पहिलं नाव मैत्रिणीच्या आईचं. विहीर सरकारी असल्याची निजामाच्या वेळची उर्दूतली नोंद होती, पण गावच्या दप्तराला उधई लागलेली आणि नेमकी तीच ओळ खाल्लेली. आणि पंचांचा पुरावा काय? कौल. विहीर सरकारी होती तर दुष्काळात देवाची परवानगी कशाला घेतली? सगळ्या गावासमोर कौल झाला, वाड्यानं तो मानला आणि पाणी भरलं, म्हणजे विहीर देवाची. 'देव उद्या न्हाई बी म्हणंल' हे त्या बाईचं बोलणं माझ्या कानात घुमायला लागलं. मैत्रिणीचं लग्न होऊन ती त्याच वाड्यात राहिली होती. दावा हरला तर तिच्या पोरीही झिरे उकरत बसणार होत्या.

वादींच्या साक्षीदारांची यादी टाइप करायला घेतली. तिसरं नाव आबांचं.

रविवारी गावी गेले. आबा तुळशीला पाणी घालत होते. म्हटलं, "तुम्हाला कुणी बोलावलं साक्षीला?"

"कुणी न्हाई. मीच वकिलाकडं गेलतो."

"काय सांगणार आहात?"

"तू तिथंच असशील न्हवं? कळंल."

मी साहेबांना सांगितलं, साक्षीदार माझे वडील आहेत, दुसऱ्या कुणाला बसवा. साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला टाइप करायचंय, साक्ष द्यायची नाही. बसा."

मैत्रिणीच्या आईची साक्ष आधी झाली. तिनं देवाची शपथ घेतली नाही, प्रतिज्ञेवर बोलली, ठणठणीत. मग आबा. धुतलेलं धोतर, डोक्यावर नवी टोपी. शिपायानं सांगितलं, म्हणा, ईश्वरसाक्ष खरं सांगेन. आबा अडले. साहेबांनी वर पाहिलं. आबा म्हणाले, "म्हणतो साहेब. त्याच्यासमोरच खोटं केलतं, म्हणून जरा जड जाऊन राहिलं."

मग ते बोलले आणि माझ्या बोटांखाली दहा-अकरा वर्षांचा निकाल फिरायला लागला. पंचांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, विहीर सरकारी हाय हे तहसीलदाराला ठाऊक हाय, आज ना उद्या तो येऊन सगळ्यांना खुली करंल, त्याच्या आधी देवाकडून न्हाई म्हणवून घे, मग त्याची बी हिंमत होणार न्हाई. डावं पान पाडायचं असं त्यांचं सांगणं होतं. आबांनी मान हलवली. आणि डाव्या पानालाच गूळ लावला.

साहेबांनी सांगितलं ते मी टाइप केलं: "कौल हा मी स्वतः हेतुपुरस्सर उजवा पाडला. विहीर सरकारी असल्याची पंचांना माहिती होती, हे त्यांनी मला सदर प्रसंगी सांगितले." गूळ साहेबांनी गाळला. मला तो हवा होता. एका ओळीत तीन चुका झाल्या, खोडून पुन्हा मारल्या.

पंचांचे वकील उठले. त्यांना सगळं साधं वाटलं. म्हणाले, "तुमचं आणि वादी मंडळींचं घरोब्याचं आहे. तुम्ही त्यांच्याकडं खातापिता, म्हणून त्यांच्यासाठी खोटं बोलताय."

आबांना ते लागलं. ताठ होऊन म्हणाले, "बिलकुल न्हाई. मी त्यांच्या घरचं पाणीसुद्धा पीत न्हाई."

कोर्टात सगळे हसले, वकिलाचा डाव उलटला म्हणून. मैत्रिणीची आई बाकावर बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, बाकी काही नाही. मी ते वाक्य टाइप केलं.

स्टँडवर गावची गाडी लागायची होती. आबा शेंगा सोलत होते. मला रडायला आलं, चारचौघांत, काय करणार. म्हटलं, "आबा, मला वाटलं तुम्ही पंचांचं ऐकून केलं. मी इतकी वर्षं..."

"मुंग्या तूच पुसल्यास न्हवं?" ते म्हणाले. "सकाळी गाल लख्ख व्हता. म्हटलं पोरीनं माझी अब्रू झाकली."

मी कशासाठी पुसलं होतं ते मला सांगवेना. एवढंच विचारलं, "आणि बाकीचे कौल? आईचा?"

"तेवढा एकच. बाकी कुठल्या पानाला हात लावला न्हाई. तुझ्या मायच्या येळी लावावा वाटला, पण लावला न्हाई." शेंगांची टरफलं त्यांनी नीट कागदात गुंडाळली. "तवाधरनं देव मला कायच बोलला न्हाई. रागवला का न्हाई, ते बी कळू देईना."

साक्षीच्या आठवड्यातच पंचांनी पूजा काढून आमच्या चुलत्याला दिली. आबा तरीही पहाटे उठायचे, आंघोळ करायचे, सोवळं नेसायचे आणि मग जायला कुठं नाही म्हणून ओसरीवर बसायचे. कौल विचारायला कुणी येईना. येईल तरी कोण? मी दर शनिवारी गावी जायला लागले. एसटीत मला कधीच उलटी झाली नव्हती.

निकाल दोन महिन्यांनी. साहेब सावकाश सांगत होते, मी मारत होते. विहीर सार्वजनिक, जाळी काढावी. आणि आबांच्या साक्षीवर येऊन साहेब म्हणाले, लिहा: "सदर साक्षीदार वादींच्या घरचे पाणीदेखील पीत नाही, असे त्याने उलटतपासात स्पष्ट सांगितले आहे. सबब वादींच्या बाजूने खोटी साक्ष देण्याचे त्यास कारण दिसत नाही. त्याची साक्ष विश्वासार्ह आहे."

साहेब भला माणूस होता. निकाल बरोबर होता, कारणही कायद्यानं बरोबर होतं. पण मी टाइप करायची थांबले. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, रिबन अडकली."

नक्कल घेऊन मी गावी गेले. वाड्यात हलगी वाजत होती. आबांनी टोपी घातली, मांडी घालून बसले आणि म्हणाले, "वाच. सगळं वाच, गाळू नगंस." त्यांना गाळलेलं कळतं, हे मला माहीत होतं. मी सगळं वाचलं. त्या ओळीवर माझा आवाज खाली गेला.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजी मी खरा कशावरनं?" आबांनी विचारलं. "मी त्यांचं पाणी पीत न्हाई ह्याच्यावरनं?"

"कायद्याची रीत आहे आबा. तुमचा त्यात काही फायदा नव्हता, असं दाखवायचंय."

"आन हे आता कायम राहणार? कागदावर?"

"हो."

ते उठले, चपला घातल्या आणि ऊन असतानाच चालायला लागले. मी मागून. देवळावरून गेले, आत बघितलं नाही. विहिरीची जाळी काढून बाजूला टाकलेली होती, तिच्यावरूनही नजर फिरवली नाही. बौद्धवाड्यात शिरले तशी हलगी थांबली. मैत्रिणीची आई दारात तूर निवडत बसली होती. केस पिकले होते, पाठ तशीच ताठ. आबा तिच्या अंगणाच्या कडेला थांबले. पूर्वीही, काही सांगायचं असलं की ते तिथूनच हाक मारायचे, त्याच्या पुढं पाऊल टाकलेलं मला आठवत नाही.

"बाई," ते म्हणाले, "तांब्याभर पाणी मिळंल का?"

तिनं सूप खाली ठेवलं. आबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, माझ्या हातातल्या कागदाकडं. तिनं तो निकाल वकिलाकडून सकाळीच ऐकला असणार, ती ओळसुद्धा.

"कौल लावून आलाव का, बुवा?"

"न्हाई," आबा म्हणाले. "आज कुणालाच इचारलं न्हाई."

ती आत गेली. तांब्या घेऊन बाहेर आली, पण दिला नाही, हातातच धरून उभी राहिली. दुसऱ्या हातानं तिनं दाराजवळचं घोंगडं ओढून पसरलं.

"आत येऊन बसा आधी," ती म्हणाली. "इतकी वर्सं उभंच राहिलाव की."